आत्या, थांब!

मुलांनो, आमच्या गावात बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा! त्यामुळे एका हिवाळ्यात दादाकडे अमेरिकेतल्या बफेलोला गेले, तेव्हा खिडकीशी बसून नुसती बघतच राहिले. तिथे एरी सरोवरावरून येणारं गार वारं पाण्याची वाफ उचलतं आणि काठावर आलं की बर्फ ओततं. 2022 च्या नोव्हेंबरात त्या भागात काही ठिकाणी 6 फुटांहून जास्त बर्फ पडला होता!

दारासमोरचा बर्फ काढल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही. म्हणून बर्फ उडवण्याचं यंत्र. पुढची फिरती पाती बर्फ आत ओढतात आणि वरच्या नळकांड्यातून तो लांब फेकला जातो.

दादाच्या गल्लीत यंत्रांच्या तीन तऱ्हा दिसल्या. शेजारच्या आजोबांचं जुनं टू-स्ट्रोक. त्याचा धूर बघून मला बाबांची जुनी स्कूटरच आठवली. तसंच पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं. यंत्र हलकं, पण धूर फार. ऑईल घालायचं विसरलं, तर इंजिन जाम!

दादाचं फोर-स्ट्रोक. यात ऑईल वेगळं राहतं. दट्ट्याच्या चार फेऱ्या : हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं. यंत्र जड, वेळेवर ऑईल बदलावं लागतं. पण जाड बर्फालाही ते हटत नाही. समोरच्या घरातलं बॅटरीवरचं. धूर नाही, आवाज कमी, बटण दाबलं की सुरू. मात्र कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर दमते.

"मग सगळ्यांत चांगलं कुठलं?" मी विचारलं.

दादा म्हणाला, "अंगण केवढं न् बर्फ किती, त्यावर आहे."

एका सकाळी बर्फ ओलसर होता. दादाच्या यंत्राचं नळकांडं तुंबलं. दादानं इंजिन बंद केलं आणि तो घरात गेला. मला वाटलं, आपण तेवढीच मदत करू. मी वाकून हात आत घालणार, एवढ्यात माझी दहा वर्षांची भाची किंचाळली, "आत्या, थांब!"

"अगं, इंजिन बंद आहे की!"

"तरी नाही! आत पातं अडकलेलं असतं. बर्फ सुटला की ते झटक्यानं फिरतं. बोटं जातात!" असं म्हणून तिनं यंत्राला अडकवलेली काठी माझ्या हातात दिली.

माझे पाय लटपटले. इंजिनांची तुलना मी वहीत टिपून घेतली होती. पण खरा धडा शिकवला तो चौथीतल्या पोरीनं.

परत आल्यावर वर्गात ही गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "बाई, आमच्या कडबाकुट्टीचं पण तसंच!"

अगदी खरं. म्हणून मुलांनो, यंत्र पेट्रोलचं असो, बॅटरीचं असो की गोठ्यातलं. त्याच्या तोंडात हात घालायचा नाही. आणि मोठं माणूस चुकत असेल, तर मोठ्यानं ओरडायला मुळीच लाजायचं नाही!