चित्राखालची ओळ

दिवसभराचे काम उरकून रात्री ही पुस्तिका उघडणाऱ्या तुमच्यापैकी काहींनी पदवीदान समारंभाचे एखादे छायाचित्र भिंतीवर लावलेही असेल. अशा चित्रफलकाला हल्ली ‘व्हिजन बोर्ड’ म्हणतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मी उमरग्यात शिकत होतो. पुढे कित्येक रात्री घरात झोपण्याचे धैर्य होईना. अंगणातल्या पत्र्याच्या आडोशाला मी विद्यापीठाच्या इमारतीचे एक कात्रण चिकटवले. मला भाषेवर संशोधन करायचे होते. कात्रण पाहून मन सुखावे. वही मात्र कोरीच राही. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनातही असेच आढळले आहे: नुसत्या सुखद कल्पनेत रमल्याने प्रयत्नांचे बळ ओसरते. म्हणून इच्छेसोबत आड येणारा अडथळाही डोळ्यांपुढे आणावा, असे त्या सुचवतात.

मला यात व्याकरण दिसते (ही खोड आता जायची नाही). चित्रात नाम असते, क्रियापद नसते. एके दिवशी मी कात्रणाखाली लिहिले: ‘आठवडी बाजारात जायचे. मराठी-कानडी दोन्ही बोलणाऱ्यांकडून दहा शब्द टिपायचे. अडथळा: लाज.’

कर्नाटकची सीमा जवळच. त्यामुळे शब्दांना तोटा नव्हता. प्रबंध पूर्ण व्हायला पुढे बरीच वर्षे गेली. लाज मात्र पहिल्याच बाजारात गेली, माझी कानडी ऐकून एक भाजीवाली खळखळून हसली तेव्हा.