फ्लँजचा हिशेब

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यावर मजला चढवायचा होता. वर यंत्रमाग बसणार, म्हणून 6 मीटरचे सलग बीम, दर 3 मीटरवर एक. वेब 230 आणि स्लॅब 125 मिलिमीटर. ड्रॉइंग हातात पडल्यावर मालक म्हणाले, "साहेब, सुताचे बीम चेनब्लॉकनं वर घ्यायचेत. कटआउट या बीमला लागूनच द्या."

आमच्या ऑफिसातली नवी इंजिनिअर पटकन बोलली, "सर, एका बाजूची फ्लँजच जाते की!"

शंका रास्त होती. स्लॅब बीमबरोबर दाब घेतो खरा, पण वेबपासून लांब जावं तसा त्याचा हातभार कमी होतो. म्हणून आयएस 456 सगळे 3 मीटर मोजू देत नाही. तिला म्हटलं, धरता येणारी फ्लँजची रुंदी काढ. सलग बीमला शून्य मोमेंटमधलं अंतर स्पॅनच्या 0.7 पट, म्हणजे 4200. त्याचा सहावा हिस्सा 700, वेब 230, स्लॅबच्या जाडीची सहापट 750. झाले 1680. कटआउटची बाजू सोडून एल-बीम धरला की बारावा हिस्सा आणि तिप्पट जाडी: 350, 230, 375, मिळून 955.

रुंदी जवळजवळ निम्मी! तिचा चेहरा उतरला. मग मिड-स्पॅनच्या 250 किलोन्यूटन-मीटर मोमेंटला एम 20 आणि 500 इफेक्टिव्ह डेप्थ धरून न्यूट्रल ॲक्सिस काढला: आधी 43, आता 78 मिलिमीटर. दोन्ही वेळा स्लॅबच्या आतच. लिव्हर आर्म 482 वरून 467 वर आला आणि सळई वाढली जेमतेम 3 टक्के.

खरी गोम सपोर्टपाशी. तिथे मोमेंट उलटा, स्लॅब ताणात. फ्लँज 1680 असो की 955, दाब घ्यायला खाली उरतं 230चं वेब. फे 415 सळईला त्या सेक्शनची मर्यादा 159च्या आत, आणि मोमेंट मात्र 250च्या घरात. मिड-स्पॅनच्या फ्लँजवर तासभर वाद घालणारे सपोर्टच्या हिशेबाच्या पानावर दोन मिनिटं थांबत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

कटआउट मालकांनी मागितलं तिथेच दिलं, भोवती जादा सळई घातली. सपोर्टला डबली रीइन्फोर्स्ड सेक्शन धरून खालच्या 20च्या दोन सळया कॉलमपार नेल्या. टी-बीमचे हिशेब तपासायला घ्याल, तेव्हा आधी सपोर्टचं पान उघडा.