बोळे घातलेले इंजिन

बऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळच्या एका कारखान्यात भाच्याच्या जुन्या, दोन आसनी क्रीडामोटारीचे अंतरंग उघडे पडले आहे, आणि सुपरचार्जर बसवण्यापूर्वीची ही सारी तजवीज मी दुपारभर निवांत पाहत बसतो. इनटेक मॅनिफोल्ड उतरवल्यावर उघड्या राहिलेल्या छिद्रांत धूळ किंवा एखादा नट जाऊ नये म्हणून मेस्त्रींनी यंत्रमागावरच्या चिंध्यांचे बोळे कोंबले आहेत. ज्या यंत्राला लवकरच नेहमीहून अधिक वारा पुरवायचा, त्याचा श्वास आज असा कोंडलेला पाहून मन अकारण अस्वस्थ होते. ही अस्वस्थता मोटारीविषयीची की माझ्या उतरत्या वयाविषयीची, याचा निवाडा मी करीत नाही. सिलिंडरांचे कॉम्प्रेशन तपासून झाले. दाबलेल्या हवेत इंधन अवेळी पेटून पिस्टनला इजा होऊ नये, यासाठी प्रज्वलनाची वेळ आणि इंधनाचा पुरवठा यांचा हिशेब मात्र बाकी आहे.

सुपरचार्जर या दाबयंत्राच्या एका पूर्वजाचे पेटंट १८६० साली अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी घेतले, आणि ते मुळात लोकरीच्या गिरणीचे मालक. तेव्हा मागांच्या या बऱ्हाणपुरात हे यंत्र अगदीच परके नव्हे. मोटारी बनवणाऱ्या डब्ल्यू. ओ. बेंटले यांना मात्र आपल्या इंजिनावर असले ओझे लादणे नामंजूर होते, आणि १९३० च्या ले मान्स शर्यतीत सुपरचार्जर लावलेल्या बेंटले मोटारी मध्येच बंद पडल्या आणि बेंटलेचीच मोठ्या इंजिनाची, साधी स्पीड सिक्स जिंकली.

हे सारे मी भाच्याला साद्यंत सांगितले. तो पाना पुसत म्हणाला, "मामा, आपल्याला असीरगडचा घाटच तर चढायचा आहे."