अंगठा घेऊन जोह्याला

पनवेल मागे पडले की रोह्याच्या गाडीतून कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. डोंगरमाथ्यावर कुणी अंगठा उभा करून ठेवावा, तसा तो दिसतो. लहानपणापासून मला त्याचे मोठे कौतुक. या खेपेला मात्र त्याच्याकडे पाहताच मनात आले की, याला नख नाही हे एक बरे आहे!

ही गोष्ट 2025 च्या आषाढातली. आम्ही उभयता दिव्याहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलो होतो आणि हमरापूरला उतरून जोह्याला जाणार होतो. निमित्त नेहमीचेच, गणपतीची मूर्ती सांगून यायचे. आमच्या घरी गेली पंधरा वर्षे जोह्याचाच गणपती येतो. दादरला घराखाली मांडवात शेकड्यांनी मूर्ती मांडलेल्या असतात आणि त्याही बहुतेक याच गावांतून आलेल्या असतात, हे मला ठाऊक आहे. पण घडत असलेली मूर्ती पाहून मगच ती सांगायची, हा आमच्या मंडळींचा नेम. शिवाय आम्ही दादरचे म्हटल्यावर जोह्यातला माणूस आधी ‘कुठल्या?’ म्हणून विचारतो, ही एक मौज असते. पेण तालुक्यातही खाडीकाठी एक दादर आहे, आणि तिथल्या लोकांच्या दृष्टीने खरे दादर तेच.

मूर्तीची कला मूळची पेण शहरातली. तिथून ती जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे या गावांत पसरली आणि तिने गावेच्या गावे व्यापून टाकली. जोह्यात शिरलात की घर कुठे संपते आणि कारखाना कुठे सुरू होतो, ते कळत नाही. ओटीवर गणपती, पडवीत गणपती, माळ्यावर गणपती, अंगणात ताडपत्रीच्या मांडवाखाली गणपती. सगळे पांढरे शुभ्र, अजून डोळे न उघडलेले. एका घरात सोंडा घासताहेत, दुसऱ्यात पितांबराला पिवळा रंग चढतो आहे, तिसऱ्यात एखादा हातखंडा कारागीर श्वास रोखून डोळ्यांची आखणी करतो आहे. परदेशी जाणारे गणपती कित्येक महिने आधीच बोटीने रवाना झालेले असतात. अशा गावात पोरे वाढतात ती मातीत आणि रंगात हात घालूनच.

यंदा मात्र गावात नेहमीपेक्षा दुप्पट घाई दिसली. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचे प्रकरण वाचकांना ठाऊक असेलच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये त्यांना मनाई करणारी नियमावली काढली, 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने ती कसोशीने पाळायला सांगितले, आणि इथल्या कारखानदारांच्या जिवाला घोर लागला. पुढे जूनमध्ये न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. नदीचे आणि समुद्राचे हाल पाहिले की मनाई मनाला पटते, आणि ओटीवर अडकून पडलेल्या मूर्ती पाहिल्या की कारखानदाराचे दुःखही पटते. असो. मधल्या महिन्यांत राहिलेले काम आता भरून काढायचे होते. यंदा गणेशचतुर्थी 27 ऑगस्टला, म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे.

आमचे मूर्तिकार भाऊ साठीचे आहेत. ओटीवर पाट मांडून, एक पाय मुडपून आणि एक पुढे पसरून ते बसलेले असतात. मी पायरीशी चपला काढल्या, आणि त्यांची नजर सरळ माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर गेली. आयुष्यभर पायांची बोटे आणि नखे घडवणाऱ्या माणसाची नजर ती!

“साहेब, हे नख असं कसं झालं?”

आता ती कथा सांगणे आले. दोन वर्षांपूर्वी त्या अंगठ्याचे नख कडेने मांसात रुतू लागले. पू झाला, चालणे बंद झाले. मुंबईतल्या एका शल्यविशारदांनी ते सबंध नखच उपटून काढले. पंधरा मिनिटांचे काम. ‘नवीन येईल,’ म्हणाले, आणि खरेच आले. पायाच्या अंगठ्याचे नख पुरते यायला बारा ते अठरा महिने लागतात. माझ्याने तेवढे घेतले. पण आले ते मेंढ्याच्या शिंगासारखे, जाड, पिवळट, आडव्या वळ्यांचे आणि एका अंगाला कललेले. बुटात दुखते, आणि पांघरुणात अडकले की झोप उडते. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ते टेबलाच्या पलीकडूनच पाहिले आणि ‘बुरशी’ असे म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. शेजारच्या वैद्यबुवांनी सुश्रुताचा हवाला दिला. मार लागून नख काळे, खरखरीत, कठीण होते त्याला तो ‘कुनख’ म्हणतो. नाव तंतोतंत जमले. पण नावाने बूट काही सैल होत नाही.

मी हे सगळे रंगवून सांगत होतो आणि भाऊ आपला पुढे पसरलेला पाय हळूहळू धोतराखाली ओढून घेत होते. ते मला दिसले नाही, आमच्या मंडळींना दिसले. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या त्यांच्या सूनबाईने सारेच उघड केले.

“त्यांचाबी अंगठा तसाच पिकलाय, काका. तीन आठवडे झाले. साखरेच्या गोळ्या चालू आहेत, तरी ब्लेड घेऊन आपणच कोपरा उकरतात. उद्या पेणला न्यायचं ठरलं होतं.”

“ठरलं होतं,” भाऊ म्हणाले आणि माझ्या अंगठ्याकडे बोट दाखवले. “आता नाय. बघितलंस ना, डॉक्टरकडं गेल्यावर काय होतं ते?”

ओटीवरचे चार कारागीर काम थांबवून माझ्या पायाकडे पाहू लागले. माझे नख हा आता पुरावा झाला होता! मधुमेही माणसाच्या पायाची संवेदना हळूहळू बोथट होते, रक्त पुरेसे पोचत नाही, आणि अंगठ्याच्या कोपऱ्यातली एवढीशी जखम हाडापर्यंत जाऊ शकते. बोट काढावे लागलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एकदोन तरी असतात. इथे तर हा माणूस ब्लेडने स्वतःचाच पाय कोरत होता, आणि त्याला डॉक्टरपासून परावृत्त करायला मी मुंबईहून नमुना घेऊन आलो होतो.

आमच्या मंडळींनीच तोड काढली. “भाऊ, ह्यांनाही दाखवायचंच आहे. एकट्याला धीर होत नाही. तुम्ही सोबत चला.”

माझ्यावर उपकार करण्यासाठी म्हणून भाऊ उठले.

पेणला एक टेम्पो मूर्ती घेऊन निघाला होता, त्यातच आम्ही बसलो. गवताच्या पेंढ्यांत बसवलेले अकरा गणपती आणि दोन रोगी. पाऊस भुरभुरत होता, दोन्ही अंगांना भाताची आवणे चालली होती, आणि गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका टेम्पोकडे पाहून हात जोडत होत्या. अर्थात आम्हाला नव्हे. पेण म्हटले की आपल्याला पापड आणि पोहे आठवतात. मला त्या दिवशी विनोबाजी आठवले. त्यांचा जन्म 1895 चा, याच तालुक्यातल्या गागोद्याचा. 1951 मध्ये भूदानाला आरंभ झाल्यावर त्यांनी अवघा देश पायी पालथा घातला. तो माणूस कसल्या नखांचा होता, कोण जाणे!

पेणच्या डॉक्टरीणबाई त्वचारोगाच्या. वय लहान, पण घाई मुळीच नाही. त्यांनी आधी भाऊंना घेतले. बोटाला सुई टोचून साखर पाहिली. पावलाच्या वरच्या अंगाला बोटे ठेवून नाडी चाचपली. मग डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. “लागलं?” “हां.” “आता?” “हां.” एका जागी मात्र भाऊ काही बोललेच नाहीत. बाईंनी पुन्हा टेकवला. तरी नाही. सूनबाई दारात उभी होती, तिने पदराचे टोक दातात धरले.

“अजून फार बिघडलेलं नाही,” बाई म्हणाल्या, “पण ब्लेड आज फेकून द्यायचं.” त्यांनी पू काढला, औषध लिहिले आणि नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात सरकवून कड मांसापासून उचलून धरली. नख सरळ कापायचे, कोपरे गोल करायचे नाहीत, कारण गोल करताना आत राहिलेला कंगोराच पुढे खिळ्यासारखा घुसतो. साखर आटोक्यात आली की मग छोटी शस्त्रक्रिया.

‘शस्त्रक्रिया’ म्हणताच भाऊंनी पुन्हा माझ्या अंगठ्याकडे पाहिले. बाईंनीही पाहिले, आणि त्या हसल्या. “यांचं आता बघू.”

आजवर माझ्या नखाला हात लावणारा हा पहिला माणूस. त्यांनी ते कानसले, खालचा भुसा काचेच्या पट्टीवर घेतला आणि तपासणीला पाठवला. बुरशी आहे की नाही हे नजरेने ठरवत नसतात, म्हणाल्या. (पुढे अहवाल आला: बुरशी नाही. तीन महिन्यांच्या त्या गोळ्यांचा हिशेब मी कुणाकडे मागू?) मग त्यांनी कागदावर अंगठा काढून समजावले. आपल्याला दिसते ते नख निर्जीव असते. ते घडते मागे, कातडीच्या घडीखालच्या मुळात. सबंध नख उपटले तरी मूळ तेवढेच राहते, म्हणून नवे नखही तेवढेच रुंद येऊन पुन्हा रुतू शकते. त्यात मुळालाच इजा झाली तर येणारे नख कायमचे वेडेवाकडे. शिवाय नख नसलेल्या महिन्यांत बोटाचे टोक वर उचलते आणि नव्या नखाची वाट अडवते.

“मग यावर मलम?” मी विचारले.

“मुळावर मलम नाही. वरचं नख मऊ करायला चाळीस टक्के युरियाचं मलम आहे. ते लावा, कानसून पातळ ठेवा, पुढून रुंद बूट घाला. एवढं करूनही दुखलंच तर मूळ पूर्ण जाळून नख कायमचं बंद करता येतं. नखावाचून अंगठ्याचं अडत नाही.”

दोन वर्षे मी ज्याची वाट पाहत होतो ते धड नख येणार नव्हते. हे इतके सरळ मला कुणी सांगितलेच नव्हते. मी गप्प बसलो. बोलले ते भाऊ.

“म्हणजे साचा बिघडलाय,” ते म्हणाले. “साच्यात एक बारीक चीर गेली की प्रत्येक मूर्तीच्या गालावर तोच वण येतो. मूर्ती घासून साफ करायची. दुसरी काढली, पुन्हा वण. मूर्तीवर राग काढून काय उपयोग?”

बाईंनी पेन खाली ठेवले. “अगदी हेच.”

“मग माझा साचा तुम्ही बिघडवणार?”

“तुमच्या साच्याची फक्त कड बंद करायची. रुतते तेवढीच पट्टी काढायची, आणि त्या पट्टीच्या मुळाला फिनॉल लावायचं. म्हणजे तेवढ्या जागी नख पुन्हा येतच नाही. बाकीच्या नखाला हात लावायचा नाही.”

फिनॉल म्हणजे आपले जुने कार्बॉलिक ॲसिड, ज्याने लिस्टरने गेल्याच्या मागल्या शतकात जखमा धुतल्या तेच. रुतलेल्या नखासाठी ते वापरण्याची रीत ऑटो बॉल यांनी 1945 मध्ये मांडली. इतकी जुनी आणि इतकी स्वस्त गोष्ट माझ्या वाट्याला का आली नाही, हा प्रश्न मी पेणच्या त्या खोलीत मनातल्या मनात पुष्कळ घोळवला.

भाऊंचा प्रश्न निराळा होता. त्यांनी बाईंच्या चित्रातल्या नखावर आपले नख टेकवले.

“पट्टी केवढी? एक सूत?”

बाईंना सूत ठाऊक नव्हते. मी सांगितले, इंचाचा आठवा भाग. त्यांनी क्षणभर विचार केला. “हो. एक सूत.”

“एक सुतानं बोट वाईट दिसत नाय,” भाऊ म्हणाले, आणि आमचा निकाल लागला.

परतताना टेम्पो रिकामा होता. भाऊंनी ब्लेड सूनबाईच्या हाती दिले, ते तिने खिडकीतून भोगावतीत टाकण्याचा बेत केला. पण खाली कुणाच्या पायाला लागेल म्हणून कागदात गुंडाळून घरी आणले.

पुढचे सहा आठवडे भाऊ दर चौथ्या-पाचव्या दिवशी मूर्तींच्या टेम्पोतून पेणला जात होते. चतुर्थीच्या आधी आम्ही मूर्ती आणायला गेलो, तेव्हा अंगठ्याची लाली उतरली होती आणि पाय लाकडी चौरंगावर विसावला होता. शस्त्रक्रिया झाली पितृपक्षात. घरातली वडीलधारी माणसे कुरकुरली, तेव्हा भाऊ म्हणाले, “हे कुठलं शुभकार्य लागून गेलंय? आणि पुढं देवीचं काम आहे.” फिनॉलची जखम दोनतीन आठवडे झिरपत राहते, हे बाईंनी आधीच बजावले होते, म्हणून घरात कुणी घाबरले नाही. नवरात्र सरता सरता ती सुकली. तंतू न कळणारी तळव्यावरची ती जागा अजून तशीच आहे. त्यासाठी रोज रात्री सूनबाई दिव्याखाली त्यांचा तळवा पाहते.

निघताना भाऊंनी मला बारीक पॉलिश पेपरचा एक तुकडा दिला होता, सोंडेवरचा शेवटचा हात मारतात तो. कानशीनंतर त्याने नख गुळगुळीत होते आणि पांघरूण अडकत नाही. दर रविवारी सकाळी पाय बादलीत भिजवून मी ओट्यावर बसतो. आमची मंडळी याला ‘कारखाना उघडला’ असे म्हणतात.

परवा भाऊंचा फोन आला. पुढल्या वर्षीचे काम सुरू करायचे होते.

“साहेब, मूर्ती तीच ना? दीड फुटी, लोडाला टेकलेली?”

“तीच.”

“आणि अंगठा?”

“तोच.”

“घासताय ना?”