पिकअपचं इंजिन बदललं, मग कॉम्प्युटरही बदलावा लागला



दहा-बारा दिवस इथं काही लिहिलं नाही. उन्हाळ कांद्याची काढणी कशी चाललीय म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं. काढणी झाली, माल चाळीत पडला. पण आज कांद्याचं नाही, गाडीचं लिहितो. पिकअप आता गावोगावी आहे, कुणाच्या तरी कामी येईल.

झालं असं, की लासलगावला माल घेऊन निघालो आणि मार्केट तीन-चार किलोमीटरवर असताना रेडिएटरचा वरचा पाईप फुटला. काटा लालमध्ये गेलेला दिसत होता. लिलाव चुकेल म्हणून मी तशीच दामटली. मार्केट काही आलं नाही, गाडी मात्र रस्त्यातच जाम झाली. खोललं तर हेड वाकलेलं, दोन पिस्टन चिकटलेले, ब्लॉकला बोट अडकेल असे ओरखडे. मिस्तरी म्हणाले, "भाऊ, ह्यात पैसे घालू नका. दुसरं इंजिन बसवू."

आमचे मिस्तरी म्हणजे तीस वर्षांचे. विहिरीवरच्या ऑइल इंजिनापासून माझ्या पहिल्या जीपपर्यंत सगळं त्यांच्याच हातचं. जुन्या इंजिनाला डिझेल आणि हवा मिळाली की ते चालायचं. बॅटरी मेली तरी उतारावर ढकलून सुरू व्हायचं. आताच्या कॉमन रेलमध्ये डिझेल कधी सोडायचं, किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. तो गप्प बसला की इंजिन कितीही चांगलं असो, नुसतं लोखंड.

जुन्या गाड्या तोडणाऱ्याकडं आमच्याच मॉडेलची, अपघात झालेली गाडी सापडली. इंजिन ६५ हजारांत ठरलं. तो म्हणाला, "कॉम्प्युटर, वायरिंग, चावी असा सगळा सेट आहे, १४ हजारांत नेता का?" मी म्हटलं, आमचा कॉम्प्युटर चांगलाय. आणि तेव्हा तो चांगलाच होता.

इंजिन बसवताना चेसिसवरचं फाउंडेशनचं ब्रॅकेट तडकलेलं दिसलं. वेल्डिंग मशीन आणलं. मिस्तरी बॅटरीचं टर्मिनल काढायला वाकले, तेवढ्यात मी म्हटलं, "अहो, दोन टाके मारायचेत, कशाला काढत बसता? उद्याला गाडी पाहिजे." त्यांनी पाना खाली ठेवला.

संध्याकाळी चावी मारली. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. हवा काढली, फिल्टर बदलला, काही नाही. चावी ऑन केल्यावर मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो ना, तो लागत नव्हता. आम्ही तिकडं बघितलंच नाही. मिस्तरींनी दोन दिवस पंप काढला, बसवला, इंजेक्टर काढले, बसवले. डबा तसाच घरी जायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही आता. दुसरीकडं ओढून न्या. मजुरी नको मला." तीस वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

भाच्याचा एक मित्र आयटीआय झालेला, स्कॅनर घेऊन फिरतो. त्याला बोलावलं. स्कॅनर जोडला तर कॉम्प्युटर उत्तरच देईना. पोरानं घाई केली नाही. आधी फ्यूज, रिले, अर्थिंग तपासलं. मग मल्टीमीटर लावला. कॉम्प्युटरकडं १२ व्होल्ट येत होते. तो सेन्सरला ५ व्होल्ट देतो, ते मात्र बाहेर पडत नव्हते. एखादा सेन्सर शॉर्ट असला तरी असं होतं म्हणून त्यानं एकेक सेन्सर काढून बघितला. तरी शून्य. मग विचारलं, "काका, गाडीवर वेल्डिंग झालं का?"

मिस्तरी म्हणाले, "हो. मी केलं."

मी थांबवलं होतं हे ते बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

पोरगा म्हणाला, वेल्डिंगनंच गेला असं छातीठोक सांगता येत नाही, पण बॅटरी आणि कॉम्प्युटरचे सॉकेट काढल्याशिवाय वेल्डिंग करू नये. अर्थिंगचा चिमटाही टाक्याच्या जवळच लावायचा. ट्रॅक्टर नव्या पद्धतीचा असेल तर त्यालाही हेच.

परत त्याच गोडाऊनला. सेट अजून होता, भाव १८ हजार झालेला. नुसता कॉम्प्युटर आणला असता तर भागलं नसतं. चावीत एक चिप असते. तिचा नंबर जुळला नाही तर कॉम्प्युटर इंजिन चालू देत नाही, चोरी होऊ नये म्हणून. त्यामुळं कॉम्प्युटर, चावी ओळखणारा डबा, चावी आणि तिचं कुलूप, सगळं एकाच गाडीचं घेतलं.

एक फायदाही झाला. फवारणीच्या एकाच कंपनीच्या चार नोझलखाली चार मापं धरा, पाणी अगदी सारखं पडत नाही. इंजेक्टरचं तसंच. म्हणून इंजेक्टरच्या डोक्यावर कोड असतो आणि कितव्या सिलिंडरला कोणता, हे कॉम्प्युटरात भरावं लागतं. ह्या कॉम्प्युटरात त्याच इंजिनाचे कोड आधीपासून होते. पोरानं स्कॅनरवर चारही ताडून बघितले. इंजेक्टर खोलले तेव्हा मिस्तरींनी प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर टाकून ठेवला होता, त्यामुळं अदलाबदल झाली नव्हती. पोरगा म्हणाला, "हे कुणी लिहिलं? आमच्यातले पण लिहित नाहीत." मिस्तरी काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवले.

नवा कॉम्प्युटर जोडायच्या आधी त्यांनी टर्मिनल काढलं आणि माझ्याकडं न बघता सीटवर ठेवलं. सॉकेट बसवले, टर्मिनल लावलं, चावी ऑन केली. दिवा लागला. पहिल्याला नाही, दुसऱ्या सेल्फला इंजिन पकडलं.

तिथं सात-आठ माणसं होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की बॅटरी काढायला मिस्तरी वाकले होते, मीच नको म्हटलं. मिस्तरी म्हणाले, "माहितीये. पण टाका माझ्या हातचा ना."

आता दाराला एक चावी आणि स्टार्टरला एक. इंजिनाचं बिल आणि त्या गाडीची कागदं जपून ठेवलीत. इंजिन बदललं की आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. इन्शुरन्सवालाही तोच नंबर बघतो, त्याचा अर्ज सोमवारी देतोय.

मिस्तरींनी मजुरी घेतली, पण दोन दिवस पंप काढून बसवल्याची धरली नाही. वर म्हणाले, नाशिकला गेलात तर चांगल्यातला एक मल्टीमीटर आणा. परवा जातोय.