वाकडं अंगण

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण अलीकडे मला अन्यायाची वाटू लागली आहे. तिच्यात अंगण तपासायला कुणी जातच नाही. नाचणाऱ्यानं तक्रार केली की निकाल लागलाच! पण अंगण खरंच वाकडं असलं तर?

६ जानेवारी १९५३ला न्यूयॉर्कच्या एका क्लबात, बायकोच्या वाढदिवसाच्या मेजवानीत, जॅझवादक डिझी गिलेस्पीच्या ट्रम्पेटवर कुणीतरी पडलं आणि ट्रम्पेटचं तोंड वर वळलं. त्यातून निघालेला आवाज त्याला इतका आवडला की पुढे तसंच वाकडं ट्रम्पेट त्यानं मुद्दाम घडवून घेतलं. २४ जानेवारी १९७५ला कोलोनच्या ऑपेरागृहात पियानोवादक कीथ जॅरेटपुढे भलताच पियानो आला. वरचे सूर किरटे, खर्ज पोकळ. पाठ दुखत होती, झोप नव्हती. न वाजवताच तो निघायच्या बेतात होता. अखेर बसला तो बहुतेक मधल्या पट्ट्यांवर, डाव्या हातानं एकेक आकृती पुन्हा पुन्हा घोळवत. तीच मैफल तबकडी होऊन जगभर गेली. तो निघून गेला असता तर आपण हीच म्हण त्याच्या तोंडावर फेकली असती, आणि तरीही तक्रार त्याचीच खरी होती.

आपल्या मैफलीत गायक मधेच थांबून तंबोरा जुळवून घेतो, तेव्हा कुणी कुरकुरत नाही. तिथे अंगण सारवून घ्यायची मुभा आहे.

या सगळ्यापेक्षा मला छळतं ते जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीचं प्रकरण. २ मार्च १९५९ला ध्वनिमुद्रण झालं तेव्हा मुख्य टेपयंत्र किंचित संथ चाललं होतं. त्यामुळे तबकडी नेहमीच्या वेगानं फिरली की पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना जरा चढ्या लागत. फरक अर्ध्या सुराहूनही कमी. सुधारलेली आवृत्ती निघाली थेट १९९२मध्ये. मधल्या तेहतीस वर्षांत कुठल्या कुठल्या गावातली पोरं सॅक्सोफोन घेऊन त्या तबकडीबरोबर वाजवायला बसली असतील. सूर जुळेना म्हणून माउथपीस थोडा आत, थोडा बाहेर करत राहिली असतील. अंगण वाकडं आहे हे त्यांच्या मनातही आलं नसणार. आपलाच कान कच्चा, असं समजून त्यातल्या एखाद्यानं वाद्य कायमचं पेटीत ठेवलं असेल का? आणि जे चिकाटीनं जुळवून घेत गेले, ते सुरात होते की बेसूर? तबकडीशी तर ते पुरते जुळले होते.

मीही त्या चढ्या सुरावरच वाढलो. आता त्या बाजूची पहिली रचना, ‘सो व्हॉट’, सुधारलेल्या आवृत्तीत लावली की पॉल चेंबर्सचा बेस मला किंचित जड, रेंगाळल्यासारखा ऐकू येतो. खोलीत त्या दिवशी तो असाच वाजला होता, हे मला माहीत आहे. तरी हात जातो जुन्याकडेच, आणि ते प्रेम संगीतावरचं की नुसत्या सवयीवरचं, हे मला अजून सांगता येत नाही.