चौथा रकाना

भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवायचा, अर्ध्या प्यायलेल्या चहाच्या कपाचा फोटो घ्यायचा, सीन सुटताना नटाच्या शर्टाचं कुठलं बटण उघडं होतं ते ड्रेसदादांना विचारण्याआधीच शीटवर उतरवायचं, याबद्दल मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी कंटिन्युइटी केली आहे त्यांना ते येतं. ज्यांनी केलेली नाही त्यांना ते वाचून यायचं नाही. शिवाय मोबाइलमुळे त्या कामाची भीतीच गेली. पोलरॉइडच्या काळात फोटो जपून काढावा लागे, प्रॉडक्शनवाले पाकिटाचा हिशेब मागत. आता ग्रुपवर दिवसभर फोटोंचा पाऊस पडतो. ते कुणी उघडून बघत नाही, हा भाग निराळा.

मला लिहायचंय ते कुणाला काय कधी कळलं, याबद्दल. क्राइम मालिकेत सगळ्यांत मोठी भोकं तिथे पडतात, आणि त्याचा फोटो काढता येत नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं माझ्या नव्या असिस्टंटमुळे. एका विधवेच्या घरातला सीन चालला होता. नवऱ्याच्या मरणाबद्दल संशय आहे, इन्स्पेक्टर बाई पहिल्यांदाच घरी आल्या आहेत, शोकेसवर इतर सामानात खोकल्याच्या औषधाची बाटली आहे. विष त्या बाटलीतून गेलं हे बाईंना पुढे कळणार असतं, कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबचा अहवाल आल्यावर. पण तो पुढचा सीन आम्ही आधीच उरकला होता, कारण लॅबचा सेट मोडायचा होता. आता बाईंची वर्दी बरोबर, अंबाडा बरोबर, घड्याळ डाव्या मनगटावर, खांद्यावर तीन तारे. विधवेशी बोलता बोलता त्यांची नजर शोकेसवरून फिरली आणि बाटलीपाशी अर्धा क्षण थांबली. फार सुंदर थांबली. मॉनिटरमागून डायरेक्टर “क्या बात है” म्हणाले. माझ्या शीटवरचे सगळे रकाने भरलेले आणि बिनचूक. तेवढ्यात हा पोरगा माझ्याकडे वाकून म्हणाला, “ताई, पण यांना अजून हे कळलेलं नाहीये ना?”

कानात म्हणाला खरा, पण आवाज खर्जातला. सगळ्यांनी ऐकलं. डायरेक्टरांनी मान वळवली आणि मी ताडकन म्हणाले, “हो, तेच सांगायला उठत होते मी.” उठत वगैरे काही नव्हते. ती नजर मलाही खटकली होती. पण ती लिहायची कुठे, याला माझ्या शीटवर जागा नव्हती, आणि शीटवर नसलेल्या गोष्टीबद्दल तोंड उघडायची मला सवय नव्हती. शॉट पुन्हा झाला. दुसऱ्या टेकला बाई बाटलीकडे ढुंकूनही न बघता गेल्या. शॉट पहिल्याइतका देखणा झाला नाही, पण खरा झाला. मला मात्र दिवसभर एकच गोष्ट डाचत होती: तो प्रश्न माझ्या तोंडून यायला हवा होता.

त्या रात्री घरी बसून मी दुसरा तक्ता आखला. डावीकडे सीन नंबर, पण शूटिंगच्या नव्हे, कथेच्या क्रमाने. वर पात्रांची नावं. प्रत्येक नावाखाली चार रकाने: माहीत नाही, संशय आहे, माहीत आहे, आणि माहीत आहे पण दाखवायचं नाही. पहिले तीन सोपे. स्क्रिप्ट नीट वाचणारा कुणीही ते भरेल. माझा जीव अडकलाय चौथ्यात.

खुनी पहिल्या सीनपासून त्या रकान्यात राहतो. त्याला सगळं माहीत असतं आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसता कामा नये. पण अजिबातच काही दिसलं नाही, तर शेवटच्या भागात प्रेक्षक मागे वळून बघतो तेव्हा त्याला तिथे काहीच सापडत नाही आणि तो म्हणतो, “हा कसा काय खुनी?” म्हणजे दिसायला तर हवं, पण आत्ता नाही, नंतर. किती दिसावं? पापणी एकदा जास्त लवण्याइतकं? मयताचं नाव निघाल्यावर पाण्याचा ग्लास जरा लवकर उचलण्याइतकं? ग्लासातल्या पाण्याची पातळी मी टेकागणिक जुळवून देऊ शकते. ग्लास किती लवकर उचलला हे जुळवायला माझ्याकडे माप नाही.

यात खरी गोची अशी की आमच्या मालिकांमध्ये खुनी कोण, हे बऱ्याचदा त्या नटालाच माहीत नसतं. कारण लेखकालाही माहीत नसतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि संवादाची पानं सकाळी मेकअप चालू असताना फोनवर येतात. गुरुवारी टीआरपी येतो. दिराचं पात्र लोकांना आवडायला लागलं की खून दिराकडून काढून घेऊन मामेभावाच्या गळ्यात घालतात. मामेभाव तोवर पंधरवडाभर निष्पाप डोळ्यांनी वावरलेला असतो. आता तो चौथ्या रकान्यात गेला. पण त्याचे आधीचे सगळे सीन पहिल्यात आहेत आणि ते प्रक्षेपितही झालेत. झालेल्या गोष्टीशी पुढची गोष्ट जुळवणं हे माझं काम. न ठरलेल्या पुढच्या गोष्टीशी आजची जुळवायची कशी, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

म्हणूनच ‘कोलंबो’ मला मोठी मालिका वाटते. खुनी कोण ते प्रेक्षकाला सुरुवातीलाच दाखवून टाकायचं, ही तिची रीत. १९६८च्या पहिल्या टेलिफिल्मपासूनची. सगळे त्या रीतीचं कौतुक करतात. मी कोलंबो झालेल्या पीटर फॉककडे बघते. त्याला बहुतेकदा पहिल्या भेटीतच वास लागलेला असतो आणि तो दाखवत नाही. तिथे खुनी चौथ्या रकान्यात आणि पोलीसही चौथ्या रकान्यात. दोघे समोरासमोर बसून बुटांबद्दल किंवा बायकोबद्दल बोलतात आणि आपण दोघांचे डोळे तपासत राहतो. तिथे भोक पडलं तर लपवायला जागाच नाही.

आपल्याकडे ‘सीआयडी’ची लोक थट्टा करतात. १९९८ साली सुरू होऊन वर्षानुवर्षं चाललेल्या मालिकेची थट्टा करायला अक्कल लागत नाही. पण २००४ साली बी. पी. सिंग यांनी तिचा १११ मिनिटांचा एक भाग एकही कट न करता एकाच शॉटमध्ये घेतला होता. त्याबद्दल बोलताना कॅमेरामनचं नाव निघतं, तालमींचं निघतं. माझ्या डोक्यात येतं ते वेगळंच: त्या १११ मिनिटांत प्रत्येक नटाला गोष्ट तिच्या क्रमानेच कळत गेली. पुढचा सीन आधी करून आलेले डोळे तिथे नव्हतेच. नाटकातली माणसं आमच्याकडे आली की काम हलकं होतं ते याच कारणाने. शंभराव्या प्रयोगालाही ते तारेचा लखोटा पहिल्यांदा फोडतात. त्यांना न कळण्याची सवय असते. नुसत्या मालिकांवर वाढलेल्या नटाला सीन पाठ असतो, पण आपण गोष्टीत कुठे उभे आहोत ते विचारलं की तो माझ्या तोंडाकडे बघतो.

आणि ‘दृश्यम’. जीतू जोसेफचा मल्याळम २०१३चा, निशिकांत कामतांनी गोव्यात घडवलेला हिंदी २०१५चा. सिनेमा आहे, मालिका नव्हे, पण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने बघावा. त्यातला केबलवाला विजय साळगावकर म्हणजे अस्सल कंटिन्युइटीचा माणूस. तिकिटं, बिलं, हॉटेल, बस कंडक्टर, सगळं जागच्या जागी. साक्षीदार खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांच्या आठवणीतली तारीख त्याने हलवलेली आहे. वस्तूंची कंटिन्युइटी त्याला पूर्ण साधते. त्याचा डोलारा हलतो तो धाकट्या मुलीपाशी. तिला माहीत आहे आणि दाखवायचं नाही. पोलिसांच्या मारापुढे ते लेकरू किती टिकणार? चौथा रकाना तिथे फुटतो.

बाकीच्या भोकांबद्दल मला फारसा उत्साह नाही, पण राग आहे. अटकेनंतर २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं असतं. आमच्या मालिकांत तो आठवडाभर त्याच खुर्चीत घाम गाळत असतो आणि ‘पोलीस कोठडी मिळाली’ एवढं एक वाक्य कुणी लिहीत नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही, पूर्वीच्या कायद्यातही नव्हता, आताच्याही नाही. तरी निम्मे भाग त्या कबुलीवरच संपतात. १ जुलै २०२४ पासून खुनाला कलम १०३ लागतं हे लेखकांना एकदाचं कळलं, तर त्यांनी २०१९ सालच्या खुनालाही १०३ लावून टाकलं. गुन्हा घडला तेव्हाचा कायदा लागतो, म्हणून तिथे ३०२च हवं, हे सांगायला मी मेकअप रूमपर्यंत धावले, तर उत्तर मिळालं, “ताई, नवीन नंबर फ्रेश वाटतो.” रात्री दहाला मेलेला माणूस सकाळी दहाला सापडतो, हवालदार त्याचा हात उचलून सोडतो आणि हात धप्पकन पडतो. बारा तासांनी प्रेत ताठलेलं असतं हो! पण हात पडला नाही तर माणूस मेलाय हे लोकांना पटत नाही, असं मला सांगण्यात येतं.

भोक सापडलं की ते बुजवायची आमच्याकडे एकच पद्धत आहे: पाठीवरचा डायलॉग. कुणी पाठमोरं असेल असा शॉट शोधायचा आणि डबिंगमध्ये त्याच्या पाठीवर वाक्य चिकटवायचं: “अरे हो, मला शेजारच्या काकूंनी सांगितलं.” फाटक्या गोधडीला ठिगळ लावावं तसं. आमच्या एका मालिकेत या शेजारच्या काकू इतक्या गोष्टी सांगत होत्या की खुनाचा पहिला संशय त्यांच्यावर यायला हवा होता. त्या कधी पडद्यावर आल्या नाहीत. वेब सिरीजवाले या ठिगळांना हसतात. त्यांच्या हातात सगळे भाग लिहून तयार असतात, शेड्यूल ऐसपैस असतं, ‘स्क्रिप्ट सुपरवायझर’ असं भारदस्त पद असतं. रोज एक एपिसोड काढायचा आणि खुनी गुरुवारी बदलायचा अशा सेटवर त्यांनी आठ दिवस काढून दाखवावेत, मग बोलू.

कादंबरीकार रेमंड चँडलरची गोष्ट या धंद्यात ढालीसारखी वापरली जाते. त्याच्या ‘द बिग स्लीप’वरच्या सिनेमाचं शूटिंग चालू असताना गोष्टीतल्या ड्रायव्हरला कुणी मारलं यावर सेटवर वाद झाला, चँडलरला तार केली, तर त्यालाही माहीत नव्हतं. ही गोष्ट सांगून आमचे लेखक हात झटकतात. चँडलरला न कळलेला एक खून लोकांनी माफ केला, कारण त्याच्या पानावर दुसरं बघण्यासारखं इतकं होतं. आपल्या पानावर काय आहे, ते त्यांनी आधी बघावं.

आता माझं. दुसऱ्याच्या मालिकेतली चूक सापडली की मला जो आनंद होतो तो स्वतःच्या मालिकेला बक्षीस मिळाल्यावरही होत नाही. घरी माझ्याबरोबर क्राइम मालिका बघायला कुणी बसत नाही. सेटवर चूक दिसली तरी मी लगेच सांगत नाही. तालीम संपू देते, लाइट लागू देते, सगळे आपापल्या जागी गेले की मग हात वर करते, म्हणजे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. श्रेयनामावलीतलं माझं नाव पुढच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीने चेपून कोपऱ्यात जातं, त्याची भरपाई मी अशी करून घेते. आणि त्या पोराचा प्रश्न मला वर्मी लागला तो मालिकेच्या भल्यासाठी नव्हे. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी मला विचारत होते, ती माझ्याआधी दुसऱ्याने विचारली, म्हणून. तक्ता मी त्याला दाखवला आहे. चौथ्या रकान्याची कल्पना माझी, हे त्याला दोनदा सांगितलं आहे.

त्याने तक्त्यात एक सुधारणा सुचवली: प्रेक्षकालाही एक नाव द्या, त्याचेही चार रकाने करा. बरोबर आहे त्याचं. प्रेक्षकाला काय कळलंय ते धरल्याशिवाय बाकीच्यांचे रकाने निरर्थक आहेत. मी म्हणाले, “बघू.” दुसऱ्या दिवशी करून टाकलं.

मालिका लिहिणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. खुनी कोण ते पहिला शॉट लागायच्या आधी ठरवा आणि ज्याला ते काम करायचंय त्याच्या कानात सांगा. त्यानंतर तो टीआरपीसाठी बदलू नका. चॅनलला सांगू नका, हवं तर डायरेक्टरलाही सांगू नका. पण त्या नटाला सांगा. मला सांगितलं नाहीत तरी चालेल असं म्हणणार होते, पण चालणार नाही. मलाही सांगा.